सुईएवढी फट

माघ लागला की नरडाणा स्टेशनाबाहेरच्या बाभळींना कापूस लागतो. सरकी काढणाऱ्या जिनाकडे जाणाऱ्या बैलगाड्यांतून उडालेले पुंजके काट्यांत अडकून बसतात आणि सकाळच्या धुक्यात ती खरबरीत झाडं एकदम मऊ दिसू लागतात. पलीकडे दादर ज्वारी हुरड्याला आलेली असते. मी माझ्या तिकिटाच्या खोपटात कानटोपी, मफलर आणि बायकोच्या फाटक्या शालीचा उरलेला अर्धा तुकडा अशा थाटात बसलेलो असतो. मग सोनगीरकडून आमची मोटार येते. ती दिसायच्या आधी ऐकू येते. चालत असते तोवर ठीक असते. पण स्टेशनापाशी येऊन उभी राहिली, जागच्या जागी घुरघुरत राहिली, की तिचा एक ठोका चुकतो. तीन ठोके नीट, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा तीन.

"नाना, तुम्हनी मोटारले ढास लागनी का?" उतारू विचारतात.

"थंडीनं होतं," मी सांगतो. अगदीच खोटं सांगतो असं नाही. एका थंडीनंच ते झालेलं आहे.

मोटारीच्या धंद्यात माझी निम्मी हयात गेली. पण मी आजवर एकही नट आवळलेला नाही. एकदा आवळायला गेलो होतो. तो सैल होऊन माझ्याच हातात आला, तेव्हापासून धाकट्या भावानं, सुकदेवानं, मला हत्यारांच्या पेटीजवळ फिरकू दिलं नाही. तिकीट फाडणं, उतारूंची भांडणं सोडवणं आणि मोटार वेळेवर का आली नाही याची नवनवी कारणं काढणं, हे माझं खातं. मोटार खरोखर वेळेवर आणणं हे त्याचं. आमच्या आबांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, शेतीची वाटणी केली तेव्हा एवढा नेमका विचार केला नव्हता.

लढाई सुरू झाली आणि पेट्रोल आटलं. मग सगळ्यांनी केलं ते आम्हीही केलं. मोटारीच्या ढुंगणाला लोखंडी ड्रम बांधला, त्यात बाभळीचा कोळसा पेटवला आणि त्या कोळशाच्या वायूवर इंजन चालवू लागलो. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव शेगडी ठेवलं. शेगडी पेटायला सकाळी इतका वेळ लागे की उतारू घरी जाऊन न्याहारी करून येत. धोतरं काळी, नाकपुड्या काळ्या. सुकदेव तर असा दिसे की त्याची स्वतःची पोरं त्याला हाकेवरून ओळखत. आणि सोनगीरच्या चढावर शेगडीचा दम संपे. मग बाप्ये उतरून ढकलत, बायका आत बसून राहत, आणि ढकलणाऱ्या नवऱ्यांना त्या काचेतून ज्या सूचना करत, त्या ऐकून मला माझ्या अविवाहित दिवसांची फार आठवण येई.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. भिजलेल्या कोळशाचा, तापलेल्या पत्र्याचा, आणि त्याखाली कसलाच नसलेला. तो शेवटचा कुणालाच आला नाही.

आमच्या घरात सुई एकच माणूस वापरायचं. अक्का. आमची सगळ्यांत मोठी बहीण. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच तिचा नवरा तापानं गेला आणि ती परत आली ती कायमची. मी तेव्हा शाळेत मार खात होतो. सुकदेव पाळण्यात होता. वर्षभरात आई गेली, आणि अक्कानं त्याला मांडीवर घेतलं ते तो मिशा फुटेपर्यंत खाली ठेवलं नाही. दिवसभर शेत, संध्याकाळी चूल, आणि मधल्या कुठल्यातरी फटीत गोधड्या. तिच्या गोधडीत आमच्या घराण्याची सगळी कापडं होती. माझा शाळेतला सदरा, वडिलांचं धोतर, आईचं लुगडं. तिचं स्वतःचं मात्र एकही रंगीत कापड त्यात नव्हतं, कारण तिच्यापाशी ते नव्हतंच.

तोंड मात्र तिचं रंगीत होतं. मी पहिल्यांदा चष्मा लावून आलो तेव्हा म्हणाली, "नाना, आते तुले काम दिसी, पण करशी थोडंच!"

तर ती सुई. मोटारीचा प्लग म्हणजे काय, तर इंजनाच्या डोक्यात खुपसलेली चिनीमातीची बोटभर कांडी. तिच्या टोकाशी दोन तारा, एकमेकींना न शिवणाऱ्या. मधल्या फटीतून ठिणगी उडी मारते आणि वायू पेटतो. फट जास्त झाली तर उडी चुकते. फार कमी झाली तर ठिणगी इतकी बारकी पडते की काही पेटत नाही. ही फट मोजायच्या पोलादी पट्ट्या मिळतात म्हणे. आमच्याकडे अक्काची गोधडीची सुई होती. ती फटीत सरकली आणि किंचित अडली की फट बरोबर. ती सुई सुकदेवाच्या टोपीच्या घडीत खोचलेली असे.

"सुक्या, मन्ही सुई कोठे शे?" अक्का ओट्यावरून ओरडायची.

"कामावर गयी अक्का."

"बठ्ठी गोधडी उसवी गयी नि हाऊ सुई टोपीले लाई हिंडस! मोटारले पांघराले देस का मन्ही गोधडी?"

"तिलेबी थंडी वाजस ना!"

त्याच हिवाळ्यात माझ्या मुलाचं, मधूचं लग्न ठरलं. मुलगी धुळ्याच्या पलीकडच्या गावची. म्हणजे वऱ्हाड शेगडीतून जाणार, आणि सोनगीरच्या चढावरून जाणार. मुहूर्त सकाळचा. सुपारी फुटताना व्याह्यांनी हसत हसत विचारलंच, "वऱ्हाडी बसून येणार की ढकलत येणार?" सगळे हसले. मीही हसलो; वरबापाला हसावंच लागतं. सुकदेव हसला नाही.

आणि दुसरी गोष्ट. परत आल्यापासून अक्का कुणाच्या लग्नाला गेली नव्हती. घरातल्या प्रत्येक लग्नाचे मांडे तिनं खापरावर भाजले. पण अक्षता पडताना ती माजघरात असे. या वेळी मधूनं हट्ट धरला. फुई, म्हणजे आत्या, आली नाही तर मी बाशिंग बांधत नाही, असं तो आबांच्या तोंडावर म्हणाला. आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "येऊ दे. पण मागे." एवढ्यावर अक्का रात्रभर काहीतरी गुणगुणत होती असं बायकोनं मला सांगितलं.

म्हणजे सुकदेवापुढे एकच काम होतं. अक्काला घेऊन, भरलेल्या मोटारीनं, न थांबता तो चढ चढायचा.

तो मला समजावून सांगे आणि मी मान डोलावी, जशी मी कीर्तनातही डोलावतो. कोळशाच्या वायूत पेट्रोलचा दम नाही, म्हणून तो इंजनात जास्त कोंबायचा. त्यासाठी त्यानं लोहाराच्या भट्टीचा पंखा आणला आणि इंजनाच्या पट्ट्यावर फिरता केला. आधी तो इंजनाच्या तोंडाशी लावला होता, वायू ओढून आत ढकलायला. पण काजळीनं पाती दोन फेऱ्यांत चिकटली. मग त्यानं डोकं चालवलं. पंख्याची हवा लांब नळीनं मागे नेली आणि थेट ड्रमच्या बुडाशी सोडली. आता पंख्यातून जायची ती स्वच्छ हवा. निखारे लालभडक, वायू दाबानं पुढे, इंजन गच्च भरलेलं.

आणि इंजन बंद. चढावर जोर लावला की खोकायचं आणि मरायचं.

"ठिणगी विझते नाना," तो म्हणाला. "आत गर्दी झाली आहे. गर्दीत माणसाला हात लांब करता येत नाही, तसं तिला उडी मारता येत नाही."

त्यानं मोडीत निघालेल्या एका लॉरीतून ठिणगी पाडणारा जोरकस मॅग्नेटो काढून आणला, म्हणजे ठिणगीला बळ यावं. थोडा फरक पडला. उरलेलं अक्कानं केलं. ती ओट्यावर कापूस निवडत बसली होती. तिनं विचारलं, "उडी लांब पडस ना? मंग फट बारीक कर." आणि डब्यातून चोळी शिवायची बारीक सुई काढून त्याच्या हातात दिली. यात काही मोठं शहाणपण होतं असं ती स्वतःही म्हणाली नसती. तिला एवढंच कळत होतं की भोक मोठं पडत असेल तर बारीक सुई घ्यायची.

सुकदेवानं त्या सुईनं सगळ्या प्लगांच्या फटी बसवल्या, सरकीची पोती भरली आणि चढावर गेला. मी वर उभा होतो. शेगडी खालून आली ती थेट माझ्या अंगावरून पुढे गेली. मी बाजूला उडी मारली, ती निवडुंगात. त्या दिवशी सुकदेव माझे काटे काढत होता आणि एकीकडे हसत होता. त्याला मी त्यानंतर तसा हसताना पाहिलेला नाही.

निघायच्या सकाळी अशी थंडी होती की वाजंत्र्याची पिपाणी फुंकूनही रडेना. वऱ्हाड चढलं. नवरदेव पुढे, आबा पुढे, मी माझ्या फेट्यासकट पुढे. सगळे बसल्यावर अक्का आली. निघताना विधवेचं तोंड समोर दिसू नये म्हणून ती घराच्या मागल्या दारानं, वळसा घालून, पदर पुढे ओढून आली. सुकदेवानं तिच्यासाठी अगदी मागचं बाक राखलं होतं. ड्रमला पाठ लागून असलेलं, सगळ्या गाडीत एकच उबदार. पुढे आडवं गोणपाट टांगलं होतं आणि बाजूंची ताडपत्री खिळे मारून पक्की केली होती, म्हणजे कुणाला ती दिसू नये आणि तिला वारा लागू नये. दोन्ही कामं एका पडद्यात.

"तुम्ही तिला मागे टाकता," तो मला आदल्या दिवशी म्हणाला होता. "मी तिला मागे बसवतो."

"फुई, पुढे बसशी का?" मधूनं बाशिंगातून मान वळवून विचारलं.

"मन्हं तोंड पुढे नको रे भाऊ. आठेच बरं शे. आठे त चूल शे मन्ही!" पडद्यामागून आवाज आला, आणि सगळी गाडी हसली.

सुकदेवानं तिच्या पायांवर गोधडी खोचली. तिची, तिनंच शिवलेली.

चढ आम्ही असा चढलो की वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. इंजनाचा एक ठोका चुकला नाही. पडद्याच्या अलीकडच्या बाकावरच्या दोन बायकांना ओकारी आली. मोटार लागली म्हणून त्यांना ओवा दिला. माझं कपाळ ठणकत होतं. बायको म्हणाली, फेटा आवळून बांधलाय. मी फेटा सैल केला. तो सुटला, आणि उरलेली वाट मी तो मांडीवर घेऊन बसलो. त्या फेट्यावरून जे विनोद झाले ते सगळे मला आठवतात. अक्काचा त्यांत एकही नव्हता. एवढी संधी तिनं सोडली, हे मला तेव्हा खटकलं नाही.

सीमेवर वाजंत्री, नारळ, व्याह्यांची मिठी. "बसून आलात की!" व्याही म्हणाले. सगळे उतरून वाजतगाजत पुढे गेले. अक्का शेवटी उतरणार हे ठरलेलंच होतं. ती दिसली नाही म्हणून कुणी मागे पाहायचं कारण नव्हतं. तिनं दिसायचंच नव्हतं.

मांडवात मी दोनदा माणूस पाठवला. सुकदेवाचा निरोप आला, गाडीत विस्तव आहे, सोडून येता येत नाही. बायका अक्काला चहा द्यायला गेल्या तर तो मागच्या पायरीवर बसलेला. "झोप लागनी तिले. ऱ्हाऊ द्या." बायका परतल्या. एकीनं येऊन सांगितलं, सुकाभाऊला काय झालं, चहाची वाटी हातात धरून बसलाय, पीत नाही. मी म्हटलं, चुलत्याला लाज वाटत असेल, पुतण्याचा सूट त्याच्यापेक्षा भारी आहे. लोक हसले. मी चांगलाच रंगात होतो.

अक्षता पडल्या. वाजंत्री थांबली तेव्हा सुकदेव मांडवाच्या दाराशी उभा होता. टोपी हातात. त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "नाना, लग्न लागलं ना नीट?"

"लागलं."

"मग चल. अक्का गेली."

सगळे उतरताच त्यानं पडदा उचलला होता. अक्का कोपऱ्याला डोकं टेकून बसली होती. त्यानं हात धरला तर अंग गरम होतं. ती ऊब ड्रमची होती. हे त्यानं कळलं त्या क्षणी ओरडून सांगितलं असतं तर सुतक लागलं असतं, लग्न मोडलं असतं, आणि जन्मभर लोक म्हणाले असते, विधवेला नेलं म्हणून. अक्काच्या नावाला ते चिकटू नये म्हणून तो सगळी मंगलाष्टकं त्या पायरीवर बसून ऐकत राहिला. पडदा पुन्हा सोडून.

तिला आंघोळ घालणाऱ्या बायका बाहेर आल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "गाल कसा लाल शेतस तिना. नवरीनागत दिसस." वऱ्हाडात धुळ्याचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी ते गाल पाहिले आणि एकच विचारलं, "या कुठे बसल्या होत्या?" सुकदेवानं बोट दाखवलं. डॉक्टर ड्रमपाशी गेले, पडद्याच्या आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा वायू विषारी असतो. वास येत नाही. माणूस झोपतो, एवढंच."

"पण आजवर कुणाला काही झालं नाही," मी म्हणालो.

त्याचं कारण सुकदेवानंच सांगितलं, डॉक्टरांना नव्हे, जमिनीकडे बघत. आधी इंजन वायू ओढून घेत होतं. झाकण सैल असलं तरी बाहेरची हवा आत जायची. त्यानं पंखा मागे लावला, आणि आता आतला वायू बाहेर ढकलला जात होता. झाकणाच्या कडेनं. मग तो उठला, ड्रमच्या झाकणावरून हात फिरवू लागला, आणि तो भाजला तरी फिरवत राहिला. मला त्याचा हात धरून काढावा लागला. हत्यारांच्या पेटीनंतर त्या कामाला पहिल्यांदाच मी हात लावत होतो.

लढाई संपली. कुपनावर का होईना, पेट्रोल मिळू लागलं. ड्रम निघाला, पंखा लोहाराकडे परत गेला. आता इंजनात गर्दी नाही. फट पुन्हा गोधडीच्या सुईएवढी रुंद करायला हवी. परवा धुळ्याच्या एका ड्रायव्हरनं मला सांगितलं, "नाना, केसभर फट वाढवा, ठोका चुकायचा थांबेल." मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. सुकदेवाला ते माझ्याहून चांगलं माहीत आहे. दर पंधरवड्याला तो प्लग काढतो, पुसतो, आणि टोपीच्या घडीतून चोळीची बारीक सुई काढून तिच्याएवढीच फट बसवतो.

आमची मोटार आता गावातली सर्वांत थंड गाडी आहे. मागची ताडपत्री त्यानं कापून टाकली ती पुन्हा लावली नाही.

या माघात एक वऱ्हाड आलं होतं. सगळे चढल्यावर, स्टेशनाच्या भिंतीला धरून, पदर पुढे ओढून एक म्हातारी आली आणि मुकाट मागे चढू लागली. सुकदेव खाली उतरला.

"मावशी, पुढे बस. मन्हाजोडे."

वऱ्हाडात चुळबुळ झाली. म्हातारी घाबरली. "नको रे भाऊ. मन्हं तोंड पुढे नको," ती म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

तो तिथंच उभा राहिला. मग गाडीत बसला, हॅन्डल फिरलं, इंजन लागलं. उघड्या मागच्या बाजूनं वारा थेट आत शिरत होता. वरबाप ओरडला, नवरदेव काकडला, बायकांनी सुकदेवाच्या सात पिढ्या काढल्या. एक ठोका चुकत होता. गाडी जागची हलली नाही.

"मावशी," त्यानं वळून न पाहता हाक मारली, "थंडी वाजस का?"

"वाजस रे बाबा! मरी गऊ मी थंडीनं!" म्हातारी मागून खेकसली.

मग त्यानं गिअर टाकला. सोनगीरच्या वाटेला लागेपर्यंत मला त्याची हाक दोनदा ऐकू आली, आणि दोन्ही वेळा तिचा ओरडा.